खेचराखालचा पुठ्ठा

भावोजींची नवी गाडी फाटकासमोर उभी होती आणि भावोजी तिच्या बाहेर उभे होते. किल्लीतली बॅटरी संपली होती. गाडी त्यांना ओळखायला तयार नव्हती.

"ताई, कंपनीला फोन केलाय," ते खिडकीकडे तोंड करून ओरडले. "दुपारपर्यंत माणूस येईल म्हणाले."

बाई खिडकीत उभ्या राहून चहा पीत होत्या. बावीस वर्षं त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत पुरावे तपासले होते. निवृत्तीनंतर दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी लावली. धाकट्या बहिणीचे यजमान, चित्रकलेचे निवृत्त मास्तर, तेव्हापासून आपणहून त्यांचे मदतनीस झाले होते.

बाईंचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. रस्त्यावरून दुसरी एक गाडी येत होती, तिच्याकडे त्या पाहत होत्या.

राखाडी रंगाची, चौकोनी, निदान पंचवीस वर्षांची. डावा दरवाजा दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा, निळा. ती आली, थांबली, इंजिन बंद झालं. पन्नाशीची एक बाई उतरली. तिने दरवाजा जरासा उचलून लावला, डिकीतून एक सपाट पुठ्ठा काढला, वाकून इंजिनाखाली सरकवला आणि मग फाटक उघडलं.

"पुठ्ठा कशासाठी?" ती आत येताच बाईंनी विचारलं.

"दुसऱ्याच्या दारात गाडी लावली की घालते. जुनी म्हटल्यावर गळणारच असं लोकांना वाटतं. निघताना त्यांच्यादेखत पुठ्ठा उचलते. कोरा असतो." ती खुर्चीत ताठ बसली. "आणि आज मी इथे आलेय ती गाडी गळते म्हणूनच. म्हणजे, गळते असं ठरवून मला चोर ठरवलंय."

तिला सगळे सिस्टर म्हणत. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या एका संस्थेत ती एकोणीस वर्षं परिचारिका होती.

"रविवारी दुपारी आमच्या औषधांच्या खोलीतून एक खोकं गेलं. तीव्र वेदनेवरची इंजेक्शनं, चाळीस कुप्या. कुलूप तोडलेलं नाही. किल्ल्या चौघांकडे आहेत. व्यवस्थापक, भांडार सांभाळणारे भाऊ, डॉक्टर आणि मी. मागच्या दाराशी तेलाचं थारोळं सापडलं. व्यवस्थापक आणि डॉक्टरांच्या गाड्या नव्या, भाऊंची मोटारसायकल, आणि मागच्या दाराशी गाडी लावते फक्त मी."

"तुम्हीच का?"

"व्यवस्थापकांनी जुन्या गाड्यांना पुढच्या आवारात बंदी केलीय. संस्थेची शोभा जाते म्हणे. चारचाकीवाल्या सगळ्यांनी त्यांच्या योजनेतून भाड्याच्या नव्या गाड्या घेतल्या, मी घेतली नाही. माझ्या गाडीला ते खेचर म्हणाले. मी म्हटलं, छान नाव आहे, ठेवते. तेव्हापासून ती खेचरच."

भावोजी आत येऊन टेकले होते. त्यांना हसू आवरलं नाही.

"रविवारी दुपारी कुठे होतात?" बाईंनी विचारलं.

"घरी. एकटी. झोपले होते. साक्षीदार उशी."

"चौकशी कधी?"

"शुक्रवारी अकराला. तोवर निलंबित. सोमवारपासून रुग्णाकडे जायची बंदी." आता पहिल्यांदाच ती खुर्चीत पुढे झुकली. "बाई, वर डोंगरात एक पाथरवट आजोबा आहेत. हाडांचा कर्करोग. त्यांच्या घराआधी ओढ्याचा दगडी उतार लागतो. काल बदली परिचारिका नव्या गाडीतून गेली, गाडीचं पोट दगडाला लागलं, ती परत आली. आजोबा सोमवारपासून सुईविना आहेत. शुक्रवारी मला काढलं, तर त्या उतारावरून जाणारं संस्थेत कुणी उरत नाही."

"औषधाबद्दल आधी कधी काही घडलं होतं?"

"घडलं होतं. महिन्याभरापूर्वी नवा साठा आला. त्यातली सुई दिली तरी आजोबांची कळ थांबेना. आणखी दोघांचं तसंच. मी डॉक्टरांना पत्र लिहिलं, या साठ्यातली एक कुपी तपासून घ्या म्हणून. ते म्हणाले, बघतो. रविवारी गेलं ते त्याच साठ्यातलं शेवटचं खोकं."

बाईंनी कप खाली ठेवला. "चला. मला ते मागचं दार पाहायचंय. भावोजींची गाडी तर रुसलीय."

"खेचर रुसत नाही," सिस्टर म्हणाली.

निघण्यापूर्वी तिने पुठ्ठा उचलून भावोजींच्या नाकासमोर धरला. कोरा. मग बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी ओढली आणि एका पांढऱ्या फडक्याला पुसली. फडक्यावर काळीकुट्ट रेघ उमटली. त्याच्यावर अशाच आणखी काही रेघा होत्या.

"अरे बापरे, डांबर आहे की हे!" भावोजी मागे सरकले.

"चार महिने झाले घालून. वहीत तारीख आहे. पुढच्या आठवड्यात बदलायचं." तिने पट्टी परत खोचली. "तुमच्या गाडीत कधी पाहिलंत?"

"मी? मी बॉनेट एकदाही उघडलेलं नाही. ते सगळं कंपनीचे लोक बघतात. विकणाऱ्याने उघडून दाखवलं होतं तेवढंच."

"काय दिसलं?"

"एक मोठं प्लास्टिकचं झाकण. फार सुंदर होतं."

किल्ली फिरली, खेचर पहिल्या झटक्यात सुरू झालं. बाईंनी सिस्टरकडून ते फडकं मागून घेतलं आणि घडी करून पिशवीत टाकलं.

*

संस्थेची इमारत दुमजली होती. पुढच्या आवारात सहा पांढऱ्या नव्या गाड्या एका रांगेत उभ्या होत्या. सिस्टर फाटकाबाहेर खेचरात बसून राहिली.

मागच्या दाराशी सिमेंटवर ताटाएवढा फिकट डाग होता. झाडलोट करणाऱ्या मावशींनी कमरेवर हात ठेवून हकिगत सांगितली.

"रविवारी चारला आले मी. इथं तेल सांडलेलं. मला वाटलं, कुणाच्या हातून गोडेतेलाची बाटली फुटली. पण काच नाही कुठं. पाय घसरायचा कुणाचा, म्हणून लगेच भुसा टाकला वरून."

"तुमच्या आधी इथे कुणी आलं होतं?"

"रविवारी कोण येतंय? फाटकाची कडीही मीच काढली. सोमवारी खोकं गेल्याचं कळलं, तेव्हा साहेब बघायला आले. भुसाच बघितला त्यांनी. म्हणाले, हे बघा, त्या खेचराचं तेल."

"तुम्ही त्यांना तेल कसं दिसत होतं ते सांगितलंत?"

"मला कुणी विचारलंय कधी काही? तुम्हीच पहिल्या."

भुसा अजून एका डब्यात होता. मावशींनी तो फेकला नव्हता. साहेबांनी पुरावा म्हणून ठेवायला सांगितला होता. बाईंनी चिमूटभर घेऊन हुंगला. पेलाभर पाणी मागवलं, चिमूट त्यात टाकली, काडीने ढवळली आणि उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिलं. पाणी नितळ राहिलं. वर तेलाचे बारीक डोळे तरंगत होते.

"काय समजलं, ताई?" भावोजींनी विचारलं.

"हे काय नाही, ते समजलं." बाईंनी थोडा भुसा कागदात बांधून घेतला.

*

व्यवस्थापकांच्या टेबलावर काच होती आणि काचेवर एकही कागद नव्हता.

"तुम्ही आलात, ठीक आहे. पण गोष्ट सरळ आहे," ते म्हणाले. "पंचवीस वर्षांचं भंगार. मी बोलतोय ते उगाच नाही. माझ्या वडिलांचे तीन ट्रक होते. शाळा सुटली की मी ट्रकखाली. नटबोल्ट उघडून इंजिनाचं तेल काढणं माझ्याकडेच असायचं. ते हातावरून, कपड्यांवरून निघायचं नाही, आई मला अंगणातच आंघोळ घालायची. त्या आयुष्यातून मी बाहेर आलो. ही बाई संस्थेला परत तिथेच नेतेय."

"म्हणून गाडी आवारात नको?"

"देणगीदार येतात हो. त्यांना काय दाखवू, निळ्या दाराची राखाडी गाडी?"

"सिस्टरने औषधाविषयी पत्र लिहिलं होतं, ते तुम्ही वाचलंत?"

"कसलं पत्र?" व्यवस्थापकांच्या कपाळाला आठी पडली. "माझ्याकडे कुठलंही पत्र आलेलं नाही."

बाहेर पडल्यावर भावोजी कुजबुजले, "हाच! तोंडावर लिहिलंय."

"तोंडावर मिशी आहे. पुढे चला."

भांडार सांभाळणारे भाऊ औषधांच्या खोलीच्या पायरीवर बसून मोटारसायकलचा प्लग घासत होते. मोटारसायकलही बरीच म्हातारी होती. भाऊंची नखं काळी होती.

"सुट्टीच्या वेळेत करतोय हां," ते आधीच म्हणाले. "आमचे साहेब मलाही म्हणतात नवी घे. म्हटलं, हिचं सगळं मी घरीच करतो. तेल मी बदलतो, चेन मी बसवतो. नवी घेतली की नुसतं कंपनीचं गिऱ्हाईक होणार."

"खोकं शेवटचं कधी पाहिलंत?"

"शनिवारी संध्याकाळी. मोजून सही केली. सोमवारी उघडलं तर फळीवर तेवढ्या खोक्याची जागा रिकामी. बाजूलाच त्याहून महागडी औषधं होती, त्यांना हात लावलेला नाही. चोराला अक्कल नाही म्हणायची."

"किंवा बरीच आहे. हा साठा कुठून आला होता?"

"नवा पुरवठादार. डॉक्टरांनी निवडला. तो त्यांचा अधिकार. चांगला भाव दिला म्हणाले." भाऊंनी प्लगवर फुंकर मारली. "सिस्टरने चोरी केली असं मला वाटत नाही. पण तेल तर तिथं होतं, मी काय बोलणार?"

डॉक्टरांनी मात्र बाईंना खुर्ची स्वतः ओढून दिली. आवाज मऊ, टेबलावर नातीचा फोटो. खिडकीतून त्यांची पांढरी गाडी दिसत होती. योजनेतली पहिली गाडी त्यांनीच घेतली होती.

"फार वाईट वाटतं मला. इतकी चांगली परिचारिका. माणूस अडचणीत असला की तोल जातो."

"अडचणीत?"

"एवढी जुनी गाडी कुणी हौसेने वापरतं का?"

"मी तुमच्याशी सहमत आहे," भावोजी जोरात म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"गाडी गळते हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो ना. मीच तिला सांगितलं होतं. गेल्या महिन्यात मागच्या दाराशी उभा होतो, तर गाडीखाली धार लागलेली. मधासारखं, सोनेरी तेल, उन्हात अगदी चमकत होतं. म्हटलं, सिस्टर, जपा. ती ऐकते कुठे! स्वस्तातलं वापरलं की हे असंच व्हायचं."

"त्या वेळी गाडीखाली पुठ्ठा होता?"

"पुठ्ठा? नाही, तसं काही आठवत नाही."

"तिने तुम्हाला एक पत्र दिलं होतं."

डॉक्टर हलकेच हसले. "कामाच्या ताणाने लिहिलेलं होतं. वर पाठवून तिची शोभा करण्यात काय अर्थ? ठेवलं बाजूला."

बाईंनी आभार मानले. जिना उतरताना त्यांनी भावोजींना अचानक विचारलं, "इंजिनातलं तेल कोणत्या रंगाचं असतं हो?"

"जाहिरातीत दाखवतात तसं," भावोजी म्हणाले. मग जिन्यातच थांबले. कपाळावर आठ्या घालून उभे राहिले. पण जे आठवू पाहत होते ते काही हाती लागलं नाही, आणि बाई तोवर फाटकापर्यंत पोचल्या होत्या.

*

"त्या साठ्यातली एखादी कुपी कुठे शिल्लक असेल?" फाटकाबाहेर बाईंनी सिस्टरला विचारलं.

"आजोबांच्या घरी. गेल्या गुरुवारी एक जास्तीची ठेवून आले होते. कुलपाच्या डबीत. लेकीची सही आहे, माझी सही आहे, साठ्याचा क्रमांक आहे."

"उद्या सकाळी जाऊ."

"मला रुग्णाकडे जायला बंदी आहे."

"तुम्ही सुई देऊ नका. तुम्ही मला गाडीने न्यायचं. गाडी चालवायला बंदी नाही ना?"

सिस्टर पहिल्यांदा मोकळी हसली.

गुरुवारी भावोजींची गाडी चालू होती, तरी त्यांनी तिला घरीच ठेवलं. रस्ता संपून ओढा सुरू झाला तिथे कारण समजलं. पाणी घोटाभर होतं, पण खालचे दगड माणसाच्या डोक्याएवढे. सिस्टरने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, खिडकीतून मान बाहेर काढून पुढचं चाक पाहत एकेका दगडावरून ते खाली उतरवलं. भावोजी डोळे मिटून बसले. डोळे उघडले तेव्हा समोर घर होतं.

"काच फुटली, दार गेलं, तर कुठून तरी दुसरं आणून लावते," सिस्टर म्हणाली. "ओरखड्याला घाबरायचं नसलं की गाडी कुठेही जाते."

आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. दगड फोडून फोडून बोटं वाकडी झालेली. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण बोलले, "आवाजावरून ओळखलं. सुई आणलीस?"

"आज नाही, आबा."

"मग कशाला आलीस, चहा प्यायला?"

"शनिवारी आणते."

"शनिवार लांब आहे, पोरी."

सिस्टरने त्यांची उशी सारखी केली आणि बाहेर गेली. बाईंनी डबीतली कुपी लेकीच्या सहीनिशी ताब्यात घेतली. दुपारी बाई आपल्या जुन्या प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढल्या.

*

शुक्रवारी अकराला सभागृहातल्या लांब टेबलाभोवती सगळे बसले. मधोमध संस्थेच्या अध्यक्षाबाई, एकेकाळच्या मुख्याध्यापिका. व्यवस्थापकांनी आरोप वाचला. त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत.

बाईंनी पिशवीतून तीन पांढऱ्या बश्या काढून टेबलावर ठेवल्या. पहिलीत घडी उलगडून फडकं. दुसरीत कागदातला भुसा. तिसरीत एका बाटलीतून थोडं तेल ओतलं.

"चोरीचा एकच पुरावा आहे, तेल. म्हणून मी तेलाबद्दलच बोलणार," त्या म्हणाल्या. "मावशी, रविवारी तुम्ही पाहिलंत ते यातलं कोणतं?"

दारापाशी उभ्या असलेल्या मावशींनी तिसऱ्या बशीकडे बोट केलं. "हे. गोडेतेलासारखं."

"हे आज सकाळी पेट्रोल पंपावरून आणलेलं, नवं, सीलबंद बाटलीतलं इंजिनचं तेल. आता पहिली बशी. हे खेचराच्या इंजिनातलं, बुधवारी माझ्यासमोर पुसलेलं. काळं. तेल इंजिनात गेलं की आतली काजळी आणि घाण स्वतःत घेतं. तेच त्याचं काम. काही आठवड्यांतच ते काळं होतं. सिस्टरने तेल चार महिन्यांपूर्वी बदललंय, वहीत तारीख आहे. रविवारी या गाडीतून इंजिनचं तेल गळलं असतं, तर मावशींना डांबर सांडल्यासारखं वाटलं असतं. गोडेतेल नव्हे."

"गाडीत दुसरीही तेलं असतात," व्यवस्थापक म्हणाले. ते पुढे झुकले होते.

"बरोबर. गिअरच्या तेलाला गंधकासारखा उग्र वास असतो. या भुशाला नाही. ब्रेकचं तेल पाण्यात मिसळतं. हे मिसळलं नाही, वर तरंगलं. सिमेंटवर सांडलं ते कुठल्याही इंजिनात कधीच न गेलेलं तेल होतं. ते गळलं नाही. बाटलीतून ओतलं."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली.

"म्हणजे ओतणाऱ्याला गाडीचं तेल बाटलीत दिसतं तेवढंच माहीत होतं. व्यवस्थापकसाहेब, माफ करा, माझ्या मदतनिसाचा तुमच्यावर संशय होता."

भावोजी छताकडे पाहू लागले.

"पण तुम्ही लहानपणी ट्रकखाली तेल काढत होतात. ते अंगावरून निघत नव्हतं, हे तुम्हीच सांगितलंत. तुम्हाला थारोळं करायचं असतं, तर तुम्ही काळं केलं असतं. भाऊ तर मोटारसायकलचं तेल घरी बदलतात. जुनं तेल त्यांच्याकडे आयतंच आहे. किल्ल्या चौघांकडे. सिस्टर स्वतःविरुद्ध पुरावा ओतणार नाही. राहिले डॉक्टर. त्यांची गाडी कंपनी सांभाळते. तिच्या पोटात काय आहे हे त्यांना पाहावं लागत नाही."

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "एखाद्याला तेलाचा रंग माहीत नसणं हा गुन्हा आहे का? मी चुकीचा रंग सांगितला असेन."

"तुम्ही चुकीचा सांगितला नाहीत, डॉक्टर. अगदी बरोबर सांगितलात." बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "गेल्या महिन्यात खेचराखाली मधासारखी सोनेरी धार पाहिली म्हणालात. खेचराच्या इंजिनात तेव्हा तीन महिने वापरलेलं, काळं तेल होतं. ती धार तुम्ही पाहिलेली असूच शकत नाही. पण रविवारी मागच्या दाराशी खरोखर सोनेरी तेल होतं. मावशींनी चारला त्यावर भुसा टाकला. रंगाबद्दल त्या कुणाशी बोलल्या नाहीत, कारण त्यांना कुणी विचारलं नाही. तो रंग जगात दोघांनीच पाहिला होता. मावशींनी, आणि ज्याने ओतलं त्याने."

डॉक्टरांचा हात टेबलावर होता. तो त्यांनी हळूच मांडीवर घेतला.

"पण चाळीस कुप्या घेऊन मी काय करणार?"

"काहीच नाही. तुम्हाला त्या वापरायच्या नव्हत्या, नाहीशा करायच्या होत्या. म्हणून शेजारचं महागडं औषध तसंच राहिलं. सिस्टरने पत्रात कुपी तपासून घ्यायला सांगितलं होतं, ते पत्र तुम्ही वर पाठवलंच नाही. साठा गेला की तपासायला काही उरत नाही, आणि तो नेणारी म्हणून सिस्टर गेली की विचारणारीही उरत नाही. एक कुपी मात्र डोंगरातल्या एका घरात उरली होती. तिथे तुमची गाडी जात नाही. खेचर जातं." त्यांनी एक कागद अध्यक्षाबाईंपुढे सरकवला. "हा प्रयोगशाळेचा अहवाल. मिठाचं पाणी, त्यात औषध नावापुरतं. पुरवठादार कोण आणि तो डॉक्टरांचा कोण लागतो, हे पोलीस शोधतील."

अध्यक्षाबाईंनी अहवाल दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

"डॉक्टर?"

"मेव्हणा आहे," डॉक्टर शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही मऊच होता. "तो म्हणाला, औषध तेच आहे, फक्त स्वस्त. मला पत्र मिळाल्यावर समजलं. तोवर... स्वस्तातलं घेतलं, ती चूक झाली."

सिस्टर उभी राहिली.

"स्वस्त माझी गाडी आहे, डॉक्टर. एका परिचारिकेच्या पगारात बसते, आणि सांगितलेलं काम रोज करते. तुमच्या कुप्या स्वस्त नव्हत्या, खोट्या होत्या. ते दोन एकात मिसळू नका. माझा माणूस महिनाभर भिंतीकडे तोंड करून कण्हत होता आणि मला वाटत होतं, माझीच सुई चुकतेय."

अध्यक्षाबाईंनी फोन उचलला.

*

पोलीस डॉक्टरांना घेऊन गेल्यावर व्यवस्थापक सिस्टरजवळ आले. बराच वेळ त्यांनी घसा साफ केला.

"सिस्टर, झालं ते... संस्थेतर्फे मी तुम्हाला एक नवी गाडी देऊ करतो. भाडं आम्ही भरू. डॉक्टरांचीच आहे, जेमतेम वर्षाची."

"ती ओढा उतरेल?"

व्यवस्थापकांनी बाहेरच्या पांढऱ्या रांगेकडे पाहिलं.

"मग नको. मला जुन्या पुरवठादाराच्या साठ्यातली सुई काढून द्या, आत्ता. आणि ती पाटी काढा."

"कोणती पाटी?"

"फाटकावरची. जुन्या गाड्यांना बंदीची."

भाऊंनी औषधाची पेटी आणून दिली आणि कुणी सांगायच्या आत पाटीचे स्क्रू काढायला घेतले. सिस्टरने खेचर फाटकातून आत आणलं. पांढऱ्या गाड्यांच्या रांगेच्या टोकाला, व्यवस्थापकांच्या खिडकीच्या बरोबर खाली, एक जागा रिकामी होती. तिच्यापुढे ती क्षणभर थांबली. मग डिकीतून पुठ्ठा काढला आणि त्या रिकाम्या जागेत जमिनीवर अंथरून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

"आत्ता मी जातेय," ती खिडकीकडे पाहून म्हणाली. "उद्यापासून इथे उभी करीन. रोज संध्याकाळी खाली येऊन बघा."

"शनिवारी आणते म्हणाला होतात ना आजोबांना?" भावोजींनी विचारलं.

"शनिवार लांब आहे," सिस्टर म्हणाली, आणि किल्ली फिरवली.

त्यानंतर महिनाभराने बाईंचं त्या बाजूला काम निघालं. भावोजी आवारात शिरल्याबरोबर खेचरापाशी जाऊन गुडघ्यांवर बसले आणि खाली वाकले.

"ताई, डाग आहे!"

वरची खिडकी उघडली. "चहा आहे तो," व्यवस्थापक म्हणाले. "काल बघायला वाकलो, तेव्हा माझ्याच कपातून सांडला."